शिळ्या पोळीचा पुरावा

बँकेच्या काउंटरमागे बसून ३४ वर्षं मी लोकांना एकच वाक्य ऐकवलं : ‘सही जुळत नाही.’ हात थरथरतो हो साहेब, असं पेन्शनर आजोबा काकुळतीनं सांगायचे. मी म्हणायचो, नियम आहे. समोर उभ्या असलेल्या जित्याजागत्या म्हाताऱ्याकडे हयातीचा दाखला मागणारा मी माणूस. त्या सगळ्यांचे तळतळाट साठत गेले असावेत आणि निवृत्तीनंतर त्यांनीच मला मराठी विकिपीडियावर नेऊन सोडलं.

निमित्त झालं पुरणपोळीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालची पोळी दुधात कुस्करून खात होतो आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर पुरणपोळीवरचा लेख वाचत होतो. डाळ होती, गूळ होता, कट होता. शिळ्या पोळीबद्दल मात्र अवाक्षर नाही! मी भाच्याला फोन लावला. तो कॉलेजात असल्यापासून तिथे लिहितो.

‘‘मग तुम्हीच लिहा की मामा. तिथे कोणीही लिहू शकतं.’’

या ‘कोणीही’नं माझा घात केला. डॉ. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, वाईला तर्कतीर्थांनी विश्वकोश उभा केला. तिथे आधी जाणकार माणूस शोधायचे, मग त्याच्याकडे लेख मागायचे. १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर उलटा कारभार. तिथे माणूस तपासत नाहीत, वाक्य तपासतात. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी हात धुऊन बसलो आणि लिहिलं : ‘आदल्या दिवशीची पुरणपोळी दूसऱ्या दिवशी सकाळी दुधात कुस्करून खाल्ल्यास स्वर्गीय लागते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.’ खाली ‘आपला नम्र’ म्हणून पूर्ण नाव आणि ‘निवृत्त शाखाधिकारी’.

११ मिनिटांत माझं नाव गेलं. पाठोपाठ ‘सुज्ञांस’ गेले. मग ‘स्वर्गीय’ गेलं. बदलाच्या आढाव्यात कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘स्वर्गीय हे मत आहे, शिवाय स्वर्गीय म्हणजे दिवंगत असाही अर्थ होतो.’ वाक्य राहिलं ते असं : ‘आदल्या दिवशीची पुरणपोळी दूसऱ्या दिवशी सकाळी दुधात कुस्करून खातात.’ आणि त्याच्या शेपटीला, चौकटी कंसात, बारीक अक्षरांत दोन शब्द : ‘संदर्भ हवा’.

मला! माझ्याकडे! ३४ वर्षं ज्यानं व्हाउचरशिवाय चहाचे पैसे दिले नाहीत, त्याच्याकडे व्हाउचर मागितलं.

लेखाचा ‘इतिहास’ उघडला. तिथे प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि नावासकट जपून ठेवलेला असतो. इतकी स्वच्छ खातेवही मी बँकेतसुद्धा पाहिली नाही. यादीत माझ्या लगेच वर एका सदस्यानं काहीतरी केलेलं दिसलं. सदस्याचं नाव अमुक-अमुक सांगकाम्या. झालं, हाच तो, असं ठरवून मी त्याच्या चर्चा पानावर स. न. वि. वि. घालून दीड पानी पत्र लिहिलं. आजीच्या हातची पोळी, आमचा वाडा, माझी नोकरी, काही काही सोडलं नाही. तीन दिवस उत्तर नाही. माणूस शिष्ट दिसतो, असं मी भाच्याला म्हणालो.

‘‘मामा, तो माणूस नाही. प्रोग्रॅम आहे. बॉटला तिथे सांगकाम्या म्हणतात. वर्ग लावणं, दुवे दुरुस्त करणं असली कामं तो आपोआप करतो. त्याच्या पानावर लिहिलंय की ‘हा सांगकाम्या आहे’ म्हणून.’’

ते मी वाचलं होतं. मला वाटलं, विनयानं म्हणतोय.

पण या शब्दांच्या मी प्रेमात पडलो, हे कबूल करायला हवं. गप्पा मारायच्या जागेला चावडी. खोडून-खोडून सराव करायच्या पानाला धूळपाटी. नासधूस करणं म्हणजे उत्पात. ज्यानं कोणी धूळपाटी हा शब्द सुचवला, त्याला मी माझ्या वाटणीची एक ताजी पोळी द्यायला तयार आहे; शिळी देणार नाही. नावांबाबतही मंडळी उदार. कोणी ‘पुरणाची पोळी’ म्हणून शोधलं, तर त्याच्या कपाळी लाल शाई येत नाही, पुनर्निर्देशन येतं. म्हणजे त्याला गुपचूप बोटाला धरून योग्य पानावर आणून सोडतात. आमच्या मास्तरांना हे ठाऊक असतं तर माझ्या पाठीला बराच आराम मिळाला असता.

मग सहीचा धडा. लेखात सही करायची नाही. चर्चा पानावर मात्र केल्याशिवाय राहायचं नाही. म्हणजे जिथे काम केलं तिथे नाव नको आणि जिथे भांडलो तिथे हवंच. सहीसुद्धा नावानं करायची नाही, ~~~~ अशी चार नागमोडी चिन्हं टंकायची. जतन केलं की त्यांच्या जागी नाव, तारीख, वेळ आपोआप उमटते. ही नागमोड कीबोर्डावर एकच्या डावीकडे असते, हे सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर मी तीन चर्चांत निनावी भांडून बसलो होतो. शेवटी एकानं सौम्यपणे लिहिलं, ‘कृपया सही करावी.’ डोळ्यांपुढून ३४ वर्षांतले सगळे आजोबा रांगेनं गेले.

त्या सज्जनाशी माझा वाद आठवडाभर चालला. मी लिहिलं, हे आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलंय, स्वतः आजी सांगायची. त्यांचं उत्तर : ‘आजींबद्दल आदर आहे. कृपया प्रकाशित, विश्वसनीय स्रोत द्यावा.’ आता आजी प्रकाशित झाली नव्हती, याला मी काय करणार? मी स्वतः ६० वर्षं खातोय म्हटलं, तर कळलं की याला ‘मूळ संशोधन’ म्हणतात आणि ते इथे चालत नाही. हा आयुष्यातला एकमेव प्रसंग, जेव्हा माझ्या नाश्त्याला कोणी संशोधन म्हणालं.

चिडून मी त्यांचा एक बदल उलटवला. त्यांनी माझा उलटवला. मी पुन्हा. भाच्यानं घाईघाईनं बजावलं की इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर कुलूप लागतं, इथेही ताणू नका. मी दोनवरच थांबलो. तिसरा बदल वर्षाअखेरच्या किरकोळ रजेसारखा राखून ठेवला. मग शिस्तीत बसून नियम वाचले. विकिपीडियाचे आधारस्तंभ पाच : हा ज्ञानकोश आहे, दृष्टिकोन निःपक्षपाती हवा, मजकूर सर्वांना मुक्त, एकमेकांशी सभ्यपणे वागा. महिनाभर वहीत टिपणं काढत पाचव्यापर्यंत आलो. पाचवा म्हणतो : इथे पक्के नियम नाहीत. बँकेत असं परिपत्रक आलं असतं तर मॅनेजरला चक्कर आली असती. सगळ्यात कठीण गेलं ते समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चालणं. बँकेत आम्ही नेमकं उलटं धरून चालायचो.

आता राहिला पुरावा. घरात पाककृतींची ‘रुचिरा’ आहे, पण तिचं मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं १९८६ च्या घरबदलात गेली, म्हणजे आवृत्ती आणि वर्ष गेलं. उरलेल्या पानांच्या आकड्यांवर हळद. समासात हिच्या हातच्या पेन्सिलच्या नोंदी : ‘गूळ कमी’, ‘जायफळ विसरू नये’, ‘सासूबाईंना आवडलं नाही’. अमूल्य ऐवज, पण अप्रकाशित. ग्रंथालयात जाऊन चार पाककृतीची पुस्तकं चाळली. पोळी करावी कशी हे चारही जणी सांगतात. दुसऱ्या दिवशी काय होतं, त्यावर चौघी गप्प. घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट छापावी असं कोणाला वाटलंच नव्हतं.

‘‘अहो, शिळ्या पोळीला कसला पुरावा?’’ ही म्हणाली. ‘‘डबा उघडा. रिकामा असतो. झालं.’’

आणि मग होळी आली. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत पुरणपोळीवर अर्धं पान! त्यात काळ्यावर पांढरं नव्हे, चक्क पांढऱ्यावर काळं : आदल्या दिवशीची पुरणपोळी दूसऱ्या दिवशी सकाळी दुधात कुस्करून खातात. मी उडालोच. तारीख, पान, रकाना टिपून घेतला, ‘संपादन’वर बोट नेलं आणि सवयीनं, चेक वाचावा तसं, ते वाक्य पुन्हा एकदा अक्षर अक्षर वाचलं. ‘दूसऱ्या दिवशी’. दू दीर्घ!

ती चूक मी ओळखतो. ती माझी आहे. मोबाइलवर एका बोटानं केलेली, गेले सात महिने लेखात तशीच राहिलेली. म्हणजे पुरवणीवाल्यांनी विकिपीडियावरून उचललं आणि मी ते पुरावा म्हणून विकिपीडियावर लावायला निघालो होतो. स्वतःच्याच चेकवर स्वतःच जामीन!

भाच्याला विचारण्याची गरज पडली नाही. मी संपादन उघडलं, ‘दू’चा ‘दु’ केला, ‘हा छोटा बदल आहे’ या चौकटीत खूण केली आणि जतन केलं. ‘संदर्भ हवा’ला हात लावला नाही.

तो अजून तिथेच आहे. तेव्हा वाचकहो, कोणाकडे जुनं छापील पुस्तक असेल आणि त्यात शिळ्या पुरणपोळीबद्दल एक ओळ जरी सापडली, तर लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांकासह ती लेखात घाला. फक्त ते पुस्तक २००३ च्या आधीचं असेल, तर बरं.