चाळीसगावच्या वळशाबद्दल आभारपत्र

प्रति,
माननीय रूळनियोजक महोदय,
रेल्वे मंत्रालय, नवी दिल्ली.

विषय : साक्री-मुंबई प्रवासातून मिळणाऱ्या भूगोलाच्या शिक्षणाबद्दल कृतज्ञता.

महोदय,

साक्री तालुक्यातील प्रवासी रेल्वे प्रशासनाचे ऋणी आहेत, कारण शाळेतील नकाशाला जे साधले नाही, ते एका मुंबईवारीने साधते. मुंबई साक्रीच्या नैऋत्येस आहे. परंतु साक्रीला रेल्वे स्थानक नसल्याने आगगाडीने जाऊ इच्छिणारा प्रवासी प्रथम एस.टी.ने पूर्वेकडे सुमारे 55 किलोमीटरवरील धुळ्यास जातो, तेथून आग्नेयेस चाळीसगाव गाठतो आणि मग 67 किलोमीटर पश्चिमेस मागे फिरून मनमाडला येतो, जे साक्रीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस आहे. या द्राविडी प्राणायामात तीन दिशांची ओळख होते; राहिलेली उत्तर दिशा परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेली असावी.

धुळे-चाळीसगाव मार्ग 1900 मध्ये सुरू झाला. तो फाटा आहे, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून एका टोकाशी संपणारी शाखा. फाट्यावरील प्रवाशासाठी पूर्वी थेट डब्यांची सोय असे. हे डबे चाळीसगावला शाखेच्या गाडीपासून सोडवून मुंबईच्या गाडीला जोडले जात आणि प्रवाशाला गाठोडे उचलावे लागत नसे. पुढे 2023 मध्ये धुळ्याहून मुंबईकडे स्वतंत्र गाडी सुरू झाली, ही गोष्ट उपरोध बाजूला ठेवून मान्य केलीच पाहिजे. मात्र ती भल्या सकाळी धुळे सोडते आणि दुपारी मुंबईस पोहोचते, त्यामुळे साक्रीकराला आदल्या रात्रीच धुळ्यात मुक्काम शोधावा लागतो, तर कचेरीतील काम दुसऱ्या दिवसावर गेल्यास मुंबईतही लॉज पाहावा लागतो. एका तिकिटात दोन शहरांच्या लॉजवाल्यांचे कल्याण साधणारी ही योजना पर्यटन खात्यालाही सुचली नसती.

रेल्वेच्या हिशेबात अंतर किलोमीटरमध्ये आणि भाडे रुपयांत नोंदले जाते. स्थानकाच्या बाकावर गेलेल्या रात्रीसाठी कोणत्याही वहीत रकाना नाही. गाडी बदलण्याचा खर्च अशा प्रकारे वेळापत्रकातून नाहीसा होतो आणि प्रवाशाच्या खिशातून निघतो. थेट गाडीची मागणी चैनीची वाटते, ती या न मांडलेल्या हिशेबामुळेच.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 रोजी मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या, 18,036 कोटी रुपयांच्या नव्या मार्गास मंजुरी दिली असून तो मालेगाव व धुळ्यावरून जाणार आहे. तो पूर्ण झाल्यास धुळेकराला मनमाडसाठी चाळीसगावचे दर्शन घडणार नाही, ही सांस्कृतिक हानी साक्रीकर सोसण्यास तयार आहेत. तोपर्यंत धुळ्याच्या गाडीशी साक्री-पिंपळनेरच्या एस.टी.चा मेळ घालावा आणि मुंबईतील काम उरकून त्याच रात्री परतता येईल, अशी एक रात्रीची गाडी द्यावी, एवढीच विनंती आहे.

साक्री तालुक्यातील पवनचक्क्यांची आणि शिवाजीनगरच्या 125 मेगावॉट सौर प्रकल्पाची वीज तारांवरून निघते, तेव्हा तिला वाटेत बाकावर रात्र काढावी लागत नाही. तालुक्यातील वाऱ्याला आणि उन्हाला जी सोय मिळाली, ती माणसांनाही मिळावी.

कळावे,
चाळीसगाव फलाटावर पुढच्या गाडीच्या प्रतीक्षेत असलेले
समस्त साक्रीकर प्रवासी