सिगारची बडदास्त: भंडाऱ्यातल्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन! दुबईहून आलेल्या भाच्यानं तुमच्या हाती पाच सिगार ठेवल्या, म्हणजे तुमच्या घरात पाच नाजूक प्रकृतीचे पाहुणे मुक्कामाला आले. त्यांना 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते आणि 18 ते 21 अंश तापमान. आपण भंडाऱ्यात राहतो, हे त्यांना इतक्यात कळू देऊ नका.

1. आधी पेटी घ्या. तिला ह्युमिडॉर म्हणायचं, आतून स्पॅनिश सीडरचं अस्तर हवं. ओळखीचा सुतार सागवानाची करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पेटी परवडली तर मिरवायचं काय? बिजागऱ्या मात्र पितळेच्या लावा. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावात तेवढं तरी पाहिजे.

2. नवी पेटी तहानलेली असते. सिगार ठेवण्याआधी आठवडाभर तिच्यात डिस्टिल्ड पाण्याची वाटी ठेवा, म्हणजे लाकूड पोटभर पिईल. नळाचं पाणी देऊ नका, क्षार साचतात. घरच्यांसाठी नळाचं आहेच.

3. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलसर होईल इतपतच पाणी घाला आणि काट्यासह घट्ट पिशवीत दिवसभर बंद ठेवा. काटा 75 वर आला पाहिजे. नाही आला, तर काटा खोटा. मीठ खोटं बोलत नाही. हेच मीठ स्वयंपाकघरातल्या बरणीतही आहे. श्रावणात ते आपोआप पाझरू लागलं, की हवा 75 च्या वर गेली असं समजा. पण बरणीकडे पाहुण्यांना नेता येत नाही, म्हणून हायग्रोमीटर घ्याच.

4. आता ऋतू. नवतपात पारा 45 च्या आसपास, हवा कोरडी ठक्क. सिगार करकरते, पापुद्रा तडकतो. पेटी कूलरसमोर सरकवा. घरातल्या म्हाताऱ्यांनी कुरकूर केली, तर त्यांना आर्द्रतेचं महत्त्व समजावून सांगा. बरोब्बर तेव्हाच वीज जाईल. जूनच्या मध्यावर पाऊस लागला, की सगळं उलट करा: कालपर्यंत जे पाणी पाजत होतात ते आता शोषून काढा, नाहीतर पांढरी बुरशी धरेल. वर्षातून दहा-पंधरा दिवस हवा अगदी मनासारखी असते. त्या दिवसांत तुम्ही लग्नांना गेलेले असाल.

5. तापमान पंचविशीपलीकडे गेलं, की तंबाखूतला भुंगा अंड्यातून बाहेर येतो आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतो. उपाय एकच: सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये. तिथे आधी मटार असतील. बाहेर काढा. वाटाघाटी करू नका, हराल.

6. इतकं करूनही भरवसा वाटेना, तर तज्ज्ञ गाठा. तो परदेशात नाही. भंडारा-गोंदिया हा बिडीचा जुना मुलूख, आणि 1966 च्या कामगार कायद्याच्या नावात बिडी आणि सिगार मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. बिडी वळणारी बाई तेंदूपत्ता पाण्यात भिजवते, निथळला की ओल्या बारदान्यात गुंडाळून रात्रभर ठेवते. सकाळी पान असं मऊ होतं, की फर्मा ठेवून कैची फिरवली तरी तडकत नाही. मांडीवर सूप, चिमूटभर जर्दा, एक वळसा, तोंड दुमडायचं, दोरा. मग बिडी भट्टीत शेकून तीच ओल काढून टाकायची, नाहीतर बुरशी. यात कुठंही हायग्रोमीटर नाही, म्हणून याला छंद म्हणत नाहीत, नुसतं काम म्हणतात. आणि मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं.

तिला तुमची सिगार दाखवा. जास्त भाषण नको. ती दोन बोटांत धरून हलकेच दाबेल, उलटी करून टोक बघेल आणि मान वर न करता छाटलेल्या बिड्यांच्या ढिगात टाकेल. हुज्जत घालू नका, तिची हजारी अजून भरायची आहे. तिची नजर नसताना उचला आणि परत मटारच्या जागी नेऊन ठेवा.