मालिकेतली आई

तिचं वय अडतीस, तिच्या मुलाचं तेहतीस. हे गणित शाळेत मांडलं तर बाई कान पिळतील. घोडबंदर रोडच्या सेटवर मात्र मेकअपदादा कानशिलावर पांढऱ्या रंगाचे दोन फटकारे मारतो आणि उत्तर बरोबर येतं.

ही बाई एके काळी एकांकिका स्पर्धांमधली बक्षीसपात्र नायिका असते. मग एक दिवस फोन येतो, "मॅडम, यंग मदर आहे, एकदम ग्लॅमरस." त्यातलं 'यंग' लूक टेस्टला गळतं, 'ग्लॅमरस' पहिल्या आठवड्यात, आणि उरते ती नुसती मदर.

तक्रारीला जागा नाही, कारण घराणंच मोठं आहे. सुलोचनादीदी देव आनंदहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान. तरी १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्याच्या आई झाल्या. राखी १९७६ साली 'कभी कभी'मध्ये अमिताभची प्रेयसी होती, १९८२ साली 'शक्ती'मध्ये त्याचीच आई. रोहिणी हट्टंगडींच्या 'चार दिवस सासूचे'चे तर तीन हजारांहून जास्त भाग झाले. नावात दिवस चारच.

मालिकेतल्या आईला संवाद कमी, रिअ‍ॅक्शन फार. दाराआड सून फोनवर काहीतरी बोलते, आई पूजेचं ताट घेऊन येते, ऐकते, ताट पडतं, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर. सुनेनं नेमकं काय सांगितलं, ते कुणालाच माहीत नसतं. पुढचा सीन लेखकाकडून यायचाय. दिग्दर्शक म्हणतो, "ताई, फक्त धक्का बसू द्या. आनंदाचा की दुःखाचा, ते उद्या कळेल." त्यामुळे तिनं एक चेहरा कमावलाय. तो नातवाच्या बारशालाही चालतो आणि घरावर जप्ती आली तरीही.

नायक तिला सेटबाहेरही 'आई'च म्हणतो, तिच्या डब्यातली मेथीची भाजी संपवतो आणि फ्लॅटचं कर्ज फिरत्या व्याजानं घ्यावं की स्थिर, हेही तिलाच विचारतो. तिचा खरा मुलगा आठवीत. दोन शॉटच्या मधे ती त्याला व्हिडिओ कॉलवर बीजगणित शिकवते, भरजरी साडीत, कपाळावर सुनेनं फेकलेल्या फुलदाणीची जखम तशीच ठेवून. पुसली तर कंटिन्युइटी जाते.

भाजीवाली तिला पैसे मागण्याआधी सल्ला देते, "ताई, त्या धाकटीला आधी घराबाहेर काढा!" गेल्या मालिकेत ही खाष्ट सासू होती, तेव्हा त्याच भाजीवालीनं सहा महिने कोथिंबीर फुकट दिली नव्हती. अभिनयाला मिळालेली ती सगळ्यात प्रामाणिक दाद, असं ती मानते. बाकी दाद नव्वद दिवसांनी मिळते. मे महिन्यात ढाळलेल्या अश्रूंचा चेक ऑगस्टअखेर येतो, तोही दोनदा फोन केल्यावर.

गुरुवारी मात्र तिचा जीव टांगणीला लागतो. त्या दिवशी टीआरपी येतो. आकडा घसरला की मालिकेत कुणीतरी मरावं लागतं. नायक-नायिका महाग, खलनायिका लोकप्रिय, लहान मुलगी गेली तर प्रेक्षक चॅनेल बदलतील. मरायला आई परवडते.

परवा तसंच झालं. प्रॉडक्शन मॅनेजर मान खाली घालून आला. "ताई, पुढच्या आठवड्यात तुमचा ट्रॅक संपतोय. पण तुम्ही जात नाही हं! दिवाणखान्यात मोठा फोटो लागणार. नायक रोज त्याच्याशी बोलणार, नायिका रोज हार घालणार, वाईट बातमी आली की कॅमेरा फोटोवर जाणार."

तिनं तो कमावलेला चेहरा केला. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे मी रोज सेटवर, पूर्ण शिफ्ट, आणि रिअ‍ॅक्शनही माझीच?"

"हो ना!"

"मग हाराबरोबर पर डे पण घाला."