विटेच्या शोधात

धायरी फाट्यावरून पुणे स्टेशन गाठायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पूर्वी माणसं पायी सिंहगड चढून दही खाऊन येत. तरी आम्ही डेक्कन क्वीन पकडली. आम्ही म्हणजे मी आणि मेहुणे. बरोबर दुर्बीण आणि मी वहीत हाताने काढलेला गोदीचा नकाशा.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं, हे सोसायटीत मी इतक्यांदा सांगितलंय की लोक लिफ्ट सोडून जिन्याने जातात. एकाच जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच्याच जोडीला कापसाच्या गाठी, आणि वर सोनं! बॉम्ब आणि कापूस शेजारी ठेवणाऱ्या साहेबाला आमच्या सौ.ने स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं. दुपारी आग लागली, चारनंतर दोन स्फोट झाले. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान गेले. अग्निशमन सप्ताह त्यांच्यासाठीच असतो. इथे मी नेहमी थांबतो, कारण इथे थट्टा चालत नाही.

पुढे लोकलने मस्जिद बंदरला उतरून गोदीच्या फाटकाशी पोचलो. रखवालदाराने विचारलं, “काय काम?”

“सोन्याच्या विटा,” मी म्हणालो. वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने दुर्बीण आणि नकाशा ताब्यात घेतला. मी चौकीतल्या बाकावर. मेहुणे लांबूनच म्हणाले, “मी यांना ओळखत नाही.” बहीण दिली त्याचं हे फळ!

वरचे साहेब आले. नकाशा उलटासुलटा करून म्हणाले, “काका, हा डॉक आता नाहीच. कधीच बुजवला. वर कंटेनर ठेवायचे म्हणून.”

युद्धातल्या स्फोटानंतर काही महिन्यांत पुन्हा उभी केलेली गोदी शांततेच्या काळात भराव टाकून संपवली, आणि ती बघायला मी एवढा खर्च केला! मेहुण्यांनी तेवढ्यात मस्जिद बंदरला जाऊन बदाम घेतले. घाऊक भावात.

मला सोडताना साहेबांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, “पण काका, गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं विटा सापडत होत्या म्हणतात. एखादी राहिली असेल?”

असा श्रोता धायरीत मिळत नाही. मी बाकावर परत बसलो आणि जहाज इंग्लंडहून निघालं तिथपासून सुरुवात केली. संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली. मेहुणे तिच्यात होते.