सोवळ्यातली भट्टी

न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती दारू घरी गाळायला १९९६ सालापासून कायद्याची आडकाठी नाही. विकायची मात्र नाही. अशी मुभा देणारे देश जगात फार थोडे, त्यामुळे ऑकलंडला आलेला मराठी माणूस इथल्या हिरवळीचं, हवेचं आणि रांगेत शांत उभ्या राहणाऱ्या लोकांचं कौतुक करून झालं की हलकेच या कायद्याकडे वळतो. आवाज आपोआप खाली येतो. कारण कायदा काहीही म्हणो, ‘भट्टी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नवसागर, ट्रकची ट्यूब आणि पोलिसांची धाडच येते.

मला या नादाला लावलं शेजारच्या आजोबांनी. ते निवृत्त प्लंबर. त्यांच्याच सल्ल्याने मी २५ लिटरचं तांब्याचं भांडं मागवलं. वर कांद्याच्या आकाराचं झाकण, त्यातून निघालेली वाकडी मान आणि पुढे गार पाण्याच्या बादलीत बसणारं नळीचं वेटोळं. खोकं उघडताना संध्याकाळपर्यंत पेला भरेल असा माझा हिशेब होता. आजोबांनी टॉर्च मागितला आणि भांड्यात डोकं घालून ते सांध्यासांध्याला पाहू लागले. डाग देताना लावलेला फ्लक्स आत चिकटून राहतो, पत्रा ठोकताना लागलेलं तेल असतं, तांब्याचा कीस असतो. यातलं काहीही पोटात जाता कामा नये, असं ते डोकं आत ठेवूनच म्हणाले. सगळ्यात मोठी धास्ती शिशाची. अमेरिकेत चोरून दारू गाळणाऱ्यांनी मोटारींचे जुने रेडिएटर वाफ थंड करायला वापरले आणि त्यांच्या डागातल्या शिशाने लोकांना विषबाधा झाली, ही गोष्ट त्यांनी मला अशा सुरात ऐकवली की त्यातला एखादा रेडिएटर मीच विकला असावा.

आमचा डाग बिनशिशाचा निघाला. तेवढ्यात गराजच्या दारात आई उभी.

आई साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आली होती. तांबं दिसल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. “बंब आणलास होय रे! बोलला नाहीस ते?”

मी “हं” म्हणालो. त्या ‘हं’चा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा. आईने झाकण उचललं, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाली, “नवं भांडं आहे. हे असंच वापरलंस तर पोट धरून बसशील.” टॉर्चवाल्या प्लंबरचं निदान तिने बोटावर केलं होतं.

मग त्या दोघांनी मला बाजूला सारलं. आजोबांनी सायट्रिक ॲसिडची पुडी काढली. आईने मला सँडरिंगहॅमच्या इंडियन दुकानात चिंच आणायला पिटाळलं. रसायनशास्त्र एकच: तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा थर आंबटात विरघळतो. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक, आणि मीठ घातलं की काम भराभर होतं. आजोबांना आईचं मराठी कळत नव्हतं, आईला त्यांचं इंग्रजी. पण मी तारेची घासणी उचलली तेव्हा दोघं एकदमच ओरडले. तांब्यावर ओरखडे उठतात.

“एवढा पैसा घातलास, तर स्टीलचं का नाही घेतलंस? घासायला सोपं,” आईने विचारलं. प्रश्न रास्त होता. यीस्ट साखर खाताना गंधकाचे वासही सोडतं. गाळताना ते तांब्याला चिकटतात आणि भांड्यातच राहतात. स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले अजून तांब्याला धरून आहेत ते यासाठी. भांडं काळं पडतं आणि दर वेळी पुन्हा घासावं लागतं. मी यातून दारू वगळून सांगितलं. “म्हणजे घाण भांडं घेतं,” आई म्हणाली. एवढं नेमकं उत्तर मला कुठल्याच माहितीपुस्तिकेत मिळालं नव्हतं.

भांडं लखलखलं, तरी अजून आग बघायची होती. आधी नुसतं पाणी उकळून वाफ कुठून निसटते ते पाहायचं. झाकणाच्या फटीला आजोबा राईच्या पिठाची लापशी लावणार होते. आईने कणीक मळून दिली. (गोव्यातल्या फेणीच्या जुन्या भट्ट्यांत याच कामी वारुळाची माती लिंपत.) पाण्यानंतर व्हिनेगर: निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, आणि ते नळीच्या टोकातून गळेपर्यंत उकळायचं, म्हणजे हात पोहोचत नाही तिथली मानही आतून धुतली जाते. घरभर असा आंबूस दर्प सुटला की धाकटीने आज लोणचं घातलंय का म्हणून विचारलं. बायकोने काहीच विचारलं नाही. खिडक्या उघडल्या, तेही जरा जोरात.

आई मात्र नळीच्या टोकाशी खुर्ची टाकून बसली होती. शेवटी तिला राहवेना. “अरे, हे थेंब थेंब काय येतंय? एवढ्याशा पाण्यात अंघोळ कोण करणार?”

मग सांगावंच लागलं.

ती थोडा वेळ गप्प बसली. आमच्या घरात तांबं म्हणजे पळी-पंचपात्र, कलश, देवापुढचा तांब्या.

“सरकारला ठाऊक आहे?”

“सरकारनेच मुभा दिलीय.”

“मग मान नीट निघाली नाहीये. आणखी चिंच आण.”

माझं एक ठाम मत झालं आहे: मराठी मध्यमवर्गाचा आक्षेप दारूपेक्षा खरकट्या भांड्याला जास्त असतो. स्वच्छ घासून, पुसून, पालथं घालून ठेवलेल्या वस्तूकडे वाईट नजरेने पाहायला आपल्याला जमतच नाही.

शेवटची फेरी सगळ्यात जिवावर येणारी. साखर आणि यीस्टचं स्वस्तातलं आंबवण चढवायचं, गाळायचं आणि आलेली दारू एक थेंबही न चाखता टाकून द्यायची. पाण्याला आणि व्हिनेगरला जे निघत नाही ते अल्कोहोलमध्ये विरघळून बाहेर पडतं. इथे गंमत संपते, कारण अल्कोहोलची वाफ पेटते. गराजचं दार सताड उघडं, उघडी ज्योत नाही, विजेची शेगडी, जवळ आग विझवायचं नळकांडं आणि जागचं हलायचं नाही. आईने गॅसवरच्या दुधावर ठेवते तशी नजर ठेवली, आणि आजोबा प्रथमच निर्धास्तपणे चहा प्यायले. पुढेही दर खेपेला सुरुवातीचा पेलाभर ओतूनच द्यायचा असतो. त्याला नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा उग्र वास येतो.

“टाकायचीच होती, तर काढली कशाला?” आईने बाटली माझ्या हातातून घेतली. दुपारी पाहतो तर जुन्या मऊ धोतराचा बोळा त्यात बुडवून ती देवांच्या तसबिरींच्या काचा पुसत होती. दत्तगुरूंच्या काचेवरचा उदबत्तीचा धूर पार निघाला. आजोबांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसरी बाटली त्यांच्या खिडक्यांसाठी मागून नेली.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. गाळणं सोडाच, नुसतं प्यायलाही परवाना लागतो. तेव्हा चिंच आणि मीठ बंबापुरतंच ठेवा. तारेची घासणी मात्र त्यालाही लावू नका.