उडी मारायची कळ

नवतपा लागला होता. या नऊ दिवसांत नागपुरात दुपारी बारा ते पाच कोणी कोणाच्या घरी जात नाही. गेलंच, तर एक तर फार जिव्हाळा असावा लागतो, नाही तर उधारी वसूल करायची असते. भाचा आला त्याचं कारण तिसरंच होतं. त्याच्या घरच्या कूलरची मोटर जळली होती. डोक्याला दुपट्टा, बगलेत लॅपटॉप, खिशात कंट्रोलर. आमच्या कूलरसमोर एक मोक्याची जागा आहे; तिथे ताटीतून येणाऱ्या वाऱ्याबरोबर पाण्याचे दोन-चार थेंबही तोंडावर येतात. ती त्याने न विचारता घेतली आणि म्हणाला, "मामा, तुमच्या त्या गेमचा नवीन पार्ट आणला. खेळून पाहता का?"

'तुमच्या त्या' हे शब्द तो ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात मी कधीकाळी आजोबांच्या रेडिओबद्दल बोलत असे. तरी मी कंट्रोलर हातात घेतला. गेमचं नाव सांगत नाही. माझं भांडण कंपनीशी नाही, एका बटणाशी आहे. पडद्यावर नायक धावत सुटला. चित्र असं की गवताचं पातं न् पातं मोजावं. पुढे खड्डा आला. खड्डा आला की काय करायचं हे मला गेली तीस वर्षं माहीत आहे. अंगठा आपसूक खालच्या बटणावर गेला आणि नायकाने खड्ड्याच्या काठावर थांबून झोळीतून नकाशा काढला. तो शांतपणे नकाशा वाचत असताना मागून येणाऱ्याने त्याला खड्ड्यात ढकललं.

"उडी आता बाजूच्या बटणावर आहे," भाचा म्हणाला.

"काहून बदलवली?"

"आता असंच राहते, मामा."

या 'आता असंच राहते'वर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चहा ठेवायला उठलो. पण डोक्यात प्रश्न घुसला तो घुसलाच. गेमचा दुसरा भाग पहिल्यासारखा असावा, की वेगळा? आणि वेगळा असावा तर कुठे वेगळा असावा? मागे घरातलं वायरिंग बदललं तेव्हा इलेक्ट्रिशियनने बोर्डावर पंखा आणि दिव्याची जागा उलटी केली होती. पुढे कित्येक महिने मी अंधारात जाऊन पंखा लावत होतो आणि वारा खात उभा राहत होतो. नवा बोर्ड दिसायला जुन्यापेक्षा देखणा होता, हे मान्य केलं पाहिजे.

पुढचे भाग म्हणजे काय, हे माझ्या पिढीला एका कॅसेटने शिकवलं. नव्वदच्या दशकात सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांतून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरी आला, आणि त्याच्याबरोबर पिवळी कॅसेट, जिच्यावर '9999 इन 1' असं छापलेलं. ती लागेना की सगळी गल्ली तिच्यात फुंकर मारायची. मुळात हा आकडाच असा की आईने विचारलं, "इतके खेळ कधी खेळून होणार रे तुमचे?" आम्हालाही काळजी वाटली. पहिल्या रविवारी कळलं की खेळ फार तर दहा-बारा आहेत. एक मारिओ, एक कॉन्ट्रा, एक रणगाड्यांचा, ज्याला आम्ही नुसतं 'टँक' म्हणायचो, एक बंदुकीने बदकं मारायचा, आणि किरकोळ चार. पुढचे सगळे नंबर म्हणजे तेच खेळ पुन्हा. फक्त 47 नंबरचा मारिओ तिसऱ्या टप्प्यापासून सुरू व्हायचा आणि 112 नंबरच्या कॉन्ट्रात जीव जास्त मिळायचे.

फसवणूकच होती ती. पण आम्ही कोणी दुकानदाराकडे भांडायला गेलो नाही. उलट "चारशे बारा लाव बे, त्यात झाडं पांढरी दिसतात" अशी भक्तिभावाने चर्चा व्हायची. उडी मारायची कळ 9999 ठिकाणी एकच होती, आणि आमचं समाधान बहुधा तिथेच होतं.

खुद्द मारिओच्या घरी मात्र दुसऱ्या भागावरून चांगलंच रामायण झालं होतं; ते मला फार उशिरा कळलं. पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' 1985 चा. पुढच्याच वर्षी जपानात दुसरा भाग आला. दिसायला पहिल्याचा जुळा भाऊ, पण स्वभावाने खवट. खाल्ला की जीव जाईल असा विषारी मशरूम, ऐन उडीत येणारा वारा, असले प्रकार. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या लोकांना वाटलं, हा आपल्या पोरांना झेपायचा नाही. मग त्यांनी 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा 1987 चा भलताच एक जपानी खेळ घेतला, त्यातल्या पात्रांची तोंडं बदलून मारिओ मंडळींची बसवली आणि 1988 साली तोच 'सुपर मारिओ ब्रदर्स 2' म्हणून विकला. यात मारिओ शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो तेव्हा शत्रू मरत नाही. मारिओ त्याच्या डोक्यावर उभा राहून पुढे प्रवास करतो. मारायचं असेल तर जमिनीतून मुळा-सलगमासारखी भाजी उपटून ती फेकून मारायची. बुधवार बाजारात भांडण लागलं तर जे होईल ते.

आता हे लोकांनी उधळून लावायला हवं होतं. पण तो खेळ तुफान खपला. 1992 साली तो 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने जपानात परतलासुद्धा. पोर दत्तक जावं आणि दत्तक घरचं आडनाव लावून माहेरी सुट्टीला यावं, तसं. त्यातले बुरखेधारी शाय गाय तर पुढे मारिओच्या गोतावळ्यात कायमचे सामील झाले. का चाललं असेल ते? माझा आपला एक अंदाज आहे. सगळं बदललं, पण उडीचं बटण जिथे होतं तिथेच राहिलं. अंगठ्याला कळलंच नाही की घर बदललंय.

माझं हे म्हणणं भाच्याला पटलं नाही. त्याने लगेच 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पुढे केला, आणि तिथे मी जरा अडकलो. हा खेळ मी धरमपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर जेवायला गेले की, काळ्यापांढऱ्या मॉनिटरवर खेळायचो. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल काढली. 1989 चा तो खेळ. म्हणून तो राजपुत्र काठावर लोंबकळला की आपल्याच दंडात कळ यायची. राजकन्येला सोडवायला एकूण साठ मिनिटं. खिळ्यांवर पडलात तर पुन्हा आधीपासून, आणि गेलेली मिनिटं गेलीच. सरांचं जेवण पंचवीस मिनिटांत आटपायचं, त्यामुळे राजकन्या आजतागायत आतच आहे.

2003 साली 'सँड्स ऑफ टाइम' आला तेव्हा सगळंच उलटंपालटं. राजपुत्र भिंतीवर धावतो, पडदा खोल झालेला, आणि पडलात तर एक कळ दाबून वेळच मागे फिरवायची. म्हणजे पहिल्या खेळाचा जो जीव, गेलेलं मिनिट परत न मिळण्याची धाकधूक, तीच काढून उलटी करून ठेवली! मी त्या वेळी चिडून म्हणालो होतो, याला प्रिन्स म्हणू नका, दुसरं काहीतरी नाव द्या. मग एका रात्री खेळायला बसलो आणि पाहतो तर पहाट. बोटं सगळी नव्याने शिकावी लागली होती. पण काठावरून पाय सुटला की पोटात येणारा गोळा तोच होता, चौदा वर्षांपूर्वीचा. नव्या खेळावरही मेकनर होताच. घर पाडून पुन्हा बांधायला मूळ गवंडीच बोलावला होता, म्हणून देवघर जागेवर राहिलं.

"म्हणजे बदलवलं तरी चालते ना मग?" भाच्याने पकडलं.

"चालते. पण ज्याला काय ठेवायचं ते माहीत आहे त्याने बदलवावं."

हे वाक्य मी उगाच फार गंभीरपणे बोललो. भाचा गालात हसला.

माझ्या बाजूने साक्ष द्यायला नागपूरच उभं राहतं, असं मला वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि कापड चढवलेल्या त्या दोघी नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात, आणि चेंगराचेंगरीत उभं राहून गावाची रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणून लोक ओरडतात. यात दीडशे वर्षांत कोणी सुधारणा सुचवलेली नाही. पण त्यांच्या मागेपुढे बडगे नावाचे पुतळे असतात, आणि बडगे दर वर्षी नवे. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी खड्ड्यांचा, कधी त्या वर्षी ज्याने लोकांना पिडलं त्याचा. आमच्या लहानपणचा बडगा आज कोणाला आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही. मारबत मात्र तीच. उद्या मंडळाने ठरवलं की यंदा नवीन पिढीसाठी गुलाबी मारबत, तर इतवारीत काय होईल याची कल्पना करवत नाही. आणि उद्या कोणी म्हणालं की गेल्या वर्षीचेच बडगे धुऊनपुसून वापरा, तर लोक गॅलरीत यायचेसुद्धा नाहीत. गेम काढणाऱ्यांनी एकदा तान्ह्या पोळ्याला येऊन जावं. तर्री पोहे मी खाऊ घालीन.

तसं पाहिलं तर सवयीचं प्रेम आपण सोयीने वापरतो हेही खरं. विदर्भाने 2017-18 साली पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, तेही आपल्याच जामठ्याच्या मैदानावर. दुसरा भाग हुबेहूब पहिल्यासारखा. त्यात काही नावीन्य नाही अशी तक्रार करणारा एकही नागपूरकर मला भेटला नाही.

क्रिकेटवरून आठवलं. दुसरा भाग आलाच नाही तर काय होतं, हे पाहायचं असेल तर ईए कंपनीचा 'क्रिकेट 07' पाहावा. नोव्हेंबर 2006 मध्ये तो आला आणि त्यानंतर कंपनीने क्रिकेटचं दुकानच बंद केलं. बाकी जगाला पत्ता लागला नसेल, पण इकडे लोक वाट पाहत बसले. एक वर्ष, दोन वर्षं. मग पोरांनी स्वतःच हात घातला. नव्या जर्सी रंगवल्या, नवी मैदानं बसवली, नवे खेळाडू घुसवले आणि त्याला 'पॅच' म्हणू लागले. भाचा तेव्हा तिसरीत असेल. उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला ते 2011 साल. खापरखेड्याचा पोरगा कसोटीत उतरला आणि आमच्या कॉम्प्युटरवर नाही, हे त्याला सहन होईना. मी एका जुन्या गोलंदाजाचं नाव खोडून त्या जागी यादव टाइप केलं. भाच्याने स्पेलिंग तीनदा तपासून घेतलं. पहिल्याच षटकात यादवने तीन निर्धाव चेंडू टाकून आमचीच विकेट काढली, कारण चुकून आम्ही समोरच्या संघाकडून खेळत होतो. तरी भाचा पलंगावर उभा राहून नाचला.

तोच खेळ. चेंडू टोलवायची तीच कळ, प्रेक्षकांची तीच चपटी, कागदी तोंडं, समालोचकांची तीच ठरलेली वाक्यं. फक्त माणसं नवी येत राहिली. मारबत कंपनीची, बडगे आमचे.

भाच्याच्या स्वतःच्या पिढीचं सांगायचं तर त्यांच्या पबजीवर 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने बंदी घातली, आणि 2 जुलै 2021 ला तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असं लांबलचक नाव घेऊन परत आला. गोळी लागली की आता हिरवं रक्त उडायचं, जणू गडी पालक खाऊन लढायला आला आहे. मी विचारलं होतं, तुम्हाला काही वेगळं वाटलं का रे? "पहिले दोन दिवस. मग काय, बटनं तर तीच होती ना." हे वाक्य मी त्याला नवतप्यात व्याजासकट परत केलं. तो म्हणाला, "तो मुद्दाच वेगळा आहे, मामा." भाच्यांचा मुद्दा नेहमी वेगळा असतो.

कूलर दुरुस्त होईपर्यंत तो रोज येत राहिला आणि मी रोज खड्ड्यात पडत राहिलो. दुसऱ्या दिवशी थोडा कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. चौथ्या दिवशी त्याला माझी दया आली असावी. कुठल्या तरी आतल्या मेन्यूत शिरून त्याने खुडबुड केली आणि कंट्रोलर माझ्या हातात देत म्हणाला, "घ्या. जुन्यासारखं करून दिलं. उडी खालच्या बटणावर, नकाशा बाजूच्या. आता बोलू नका."

मी सरसावून बसलो. इतके दिवस जे मागत होतो ते मिळालं होतं. नायक धावत सुटला, गवत हललं, खड्डा आला. अंगठा आपसूक बाजूच्या बटणावर गेला.

नायकाने काठावर थांबून झोळीतून नकाशा काढला.

"आता काय झालं, मामा?"

"काही नाही," मी म्हणालो. "कूलरमध्ये पाणी आहे का, पाहून ये जरा."