नव्वदीच्या सुरांची परीक्षा

ज्या संगीताने बंडखोरीचा झेंडा मिरवीत तमाम शिष्टाचारांना धुडकावून लावले, त्याच नव्वदीतल्या पॉप-रॉकची आता इंग्लंडातील मद्यगृहांतून कागद-पेन्सिल वाटून, वेळ लावून रीतसर परीक्षा घेतली जावी, यात बंडाचा पराभव अधिक की परीक्षापद्धतीचा दिग्विजय अधिक, हे ठरविणे कठीण आहे. १४ ऑगस्ट १९९५ रोजी ब्लर आणि ओअॅसिस या दोन ब्रिटिश बँडांनी आपापली गाणी एकाच दिवशी बाजारात आणली, तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी प्रतिपानिपत मांडले होते. परीक्षार्थीने मात्र सरशी ब्लरची झाली एवढेच लिहावे, गाणे कानाला कसे लागले याला गुण नाहीत.

खरी पंचाईत गायक प्रिन्सच्या मुकदम्यात. वॉर्नर या ध्वनिमुद्रिका कंपनीशी बिनसल्यावर या गृहस्थाने १९९३ साली आपले नाव खारीज करून त्या जागी उच्चारच नसलेले एक चिन्ह रुजू केले, आणि ते छापता यावे म्हणून कंपनीला वृत्तपत्रांकडे फ्लॉपी रवाना कराव्या लागल्या. हा प्रश्न परीक्षक मोठ्याने वाचणार कसा?

मिली व्हॅनिली या गायक-जोडीचे तर विचारूच नका. ध्वनिमुद्रिकेतला आवाज या दोघांचा नव्हताच, हे उघडकीस येताच १९९० साली दिलेले ग्रॅमी पारितोषिक त्याच साली काढून घेण्यात आले. तेव्हा शेजाऱ्याने कुजबुजलेले उत्तर ज्याने केवळ ओठ हलवून वदले, त्यास या प्रश्नापुरते तरी, पूर्वदाखला ध्यानी घेऊन, निदान वर्षअखेरपर्यंत पूर्ण गुण द्यावेत.